सरकलं कोण

९ फेब्रुवारी

स.न.वि.वि.

असं लिहिलंय खरं, पण त्यातलं 'सप्रेम' काढून टाक आणि 'विनंती'ही काढ. 'नमस्कार' आईंच्या सांगण्यावरून ठेवलाय. 'विशेष' मात्र पुष्कळ आहे.

हे पत्र मोजणीच्या डिस्कच्या पेटीत, स्पंजाखाली ठेवते आहे. ऑफिसच्या मेलवर मी शिंकले तरी त्याची प्रत अख्ख्या समितीला जाते, आणि मला जे म्हणायचंय ते समितीसमोर म्हणण्यासारखं नाही. पेटी तूच उघडणार हे मला ठाऊक आहे. विश्लेषण केंद्राचा प्रमुख झालास तरी डिस्क स्वतःच्या हाताने काढून घ्यायची तुझी खोड जायची नाही. दुसऱ्याच्या हातावर तुझा कधी भरवसा नव्हता.

तुझा अहवाल मिळाला. तुझ्याकडून नाही, आमच्या परिसराचा कारभार बघणाऱ्या व्यवस्थापकांकडून. सकाळी कागद घेऊन कंट्रोल रूममध्ये आले, चेहरा असा की घरचं कुणी गेलंय. म्हणाले, "मॅडम, आपलं स्टेशन शंकास्पद ठरवलंय. वरून आलंय." वरून म्हणजे तुझ्याकडून. 'स्टेशनच्या जागेत अनाकलनीय बदल. डिशमध्ये यांत्रिक दोष असावा. नोव्हेंबरपासूनची मापं गाळावीत.' खाली तुझी ती लांब शेपटीची सही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, दर शनिवारी तू आणि मी एकाच वेळी, आभाळातल्या एकाच ठिकाणाकडे डिश वळवून बसतो. तू समुद्रापलीकडे, मी इथे टेकडीवर. निरोपांच्या खिडकीत तू लिहितोस 'तयार', मी लिहिते 'तयार'. संसाराचं जे व्हायचं ते झालं, पण आपलं 'तयार' एका शनिवारी चुकलेलं नाही. त्या खिडकीत तुला एकदा विचारता आलं नाही, की बाई गं, तुझ्याकडे काही हललंय का? दोन शब्द जास्त टाइप करायला तुझी बोटं झिजणार होती?

विचारलं असतंस तर सांगितलं असतं. डिशभोवती काँक्रीटचे चार खांब आहेत ते तुला आठवत असतील, त्यातल्या एकावर ओल्या सिमेंटात तूच आपल्या दोघांची आद्याक्षरं कोरली होतीस आणि जुन्या साहेबांची बोलणी खाल्ली होतीस. तुझा अहवाल आल्या आल्या मी आणि आमचा सर्वेक्षक उन्हातान्हात उभे राहिलो आणि चारही खांबांपासून डिशच्या मध्यापर्यंतची अंतरं पुन्हा मोजली. केसाइतकाही फरक नाही. माझी डिश हललेली नाही, हे मी तुला लिहून देते. उपग्रहांवरून जागा सांगणारा रिसीव्हर चालू असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, पण तो गेल्या वर्षीपासून बंद आहे, आणि त्याचा सुटा भाग मंजुरीसाठी तुझ्याच केंद्रात धूळ खातोय.

आता तुझ्याकडचं बोल. ऑक्टोबरात तुझ्या डिशचं बेअरिंग बदललं. जॅक लावून अख्खी डिश उचललीत. ती खाली ठेवताना होती तिथेच बसली, हे कुणी मोजलं? की प्रमुखांची डिश आहे म्हणून ती आपोआप जागेवर बसते?

अहवाल मागे घे.

आई बऱ्या आहेत. सध्या सुतारावर रागावलेल्या आहेत. आपल्या क्वार्टरचं मागचं दार अडकतं, त्याने रंधा मारून दिला, आठवडाभर नीट चाललं, परत अडकायला लागलं. त्यांच्या मते सुतार कामचुकार आहे. मी म्हटलं, आई, लाकूड फुगतं. त्या म्हणाल्या, "लाकूड नाही फुगलं, त्याचा खिसा फुगलाय."

तुझी (कागदोपत्री),
आणि एका शंकास्पद स्टेशनची प्रमुख


२७ फेब्रुवारी

पत्राला उत्तर येईल अशी आशा नव्हतीच, पण ते ऑफिसच्या मेलवर, 'प्रति, स्टेशन प्रमुख' असं येईल असंही वाटलं नव्हतं. 'कृपया भावना बाजूला ठेवून आकडे पाहावेत.'

भावना बाजूला ठेवू? कुठे ठेवू, सांग. तुझं सामान माळ्यावर आहे, तुझी पुस्तकं पलंगाखाली आहेत, तुझी आई पुढच्या खोलीत आहे. बाजूला जागाच उरलेली नाही.

परवा आईंनी मला समोर बसवलं. मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून इतकी वर्षं झाली, पण समोरच्याला उभं करून तोंडी परीक्षा घ्यायची सवय तशीच आहे. म्हणाल्या, "तुम्ही दोघं नक्की कशावरून भांडताय ते मला समजेल असं सांग. संसाराचं नको, ते मला पाठ आहे. ऑफिसचं सांग."

मी सांगितलं. म्हटलं, आई, फार लांब, आपल्या आकाशगंगेच्याही कितीतरी पलीकडे काही ठिकाणं आहेत, तिथून रेडिओलहरी येतात. ती इतकी लांब आहेत की जागची हलताना दिसत नाहीत, म्हणून आम्ही त्यांचाच आधार घेतो. एकच लहर तुमच्या मुलाच्या डिशवर आधी पोचते, माझ्या डिशवर किंचित उशिरा. दोन्हीकडे अणुघड्याळ असतं, ते वेळ टिपतं. दोन्हीकडच्या डिस्क एकत्र चालवल्या की किती उशीर झाला ते निघतं, आणि उशिरावरून दोन डिशमधलं अंतर. मध्ये समुद्र आहे, तरी ते तांदळाच्या दाण्यापेक्षा कमी चुकीने निघतं.

"आणि ते वाढलंय."

"एरवीही दरवर्षी थोडं वाढतं, आई. खालची जमीनच सरकते, ते हिशोबात धरलेलं असतं. हे त्याच्यावर आणखी वाढलंय, दोन बोटं."

"मग सरकलं कोण? तो की तू?"

"ते यातून कळत नाही. दोन टोकांमधलं अंतर वाढलं, एवढंच कळतं."

आईंनी चष्मा काढला. "मग त्याने तुझं नाव कशावरून लिहिलं?"

हेच. मला हेच विचारायचंय, आणि आता तुझ्या आईलाही विचारायचंय. कशावरून लिहिलंस?

आणि तू हे पहिल्यांदा करत नाहीयेस. सहा वर्षांपूर्वी निघताना बॅगेची चेन ओढत तू मला म्हणालास, "तू पूर्वीची राहिली नाहीस." मी तिथेच होते. त्याच क्वार्टरमध्ये, त्याच खुर्चीत, तुझ्या आईसकट. विमानात बसलास तू, आणि सरकले मी. तेव्हा मी गप्प बसले, कारण घरातल्या भांडणात तिसऱ्याला बोलावता येत नाही. इथे येतं. आणि मी बोलावणार आहे.

उत्तरेकडची ती जुनी डिश शनिवारच्या मोजणीत घे. तिथे मौनी बसतो, तू त्याला ओळखतोस. हा माणूस कुणाची बाजू घेणार नाही, कारण बाजू घ्यायला तोंड उघडावं लागतं. तिघांनी एकदम मोजलं की लपवाछपवी संपली. जुन्या नोंदींशी ताडलं की जो सरकला असेल त्याचं अंतर दोघांपासूनही बदललेलं दिसेल.

लवकर कर. समिती एप्रिलच्या अखेरीस बसते आहे. तुझा अहवाल तसाच राहिला तर हे स्टेशन बंद होईल हे तुलाही माहीत आहे. आमच्या व्यवस्थापकांना त्याचं काडीचंही दुःख नाही. त्यांचा जीव अतिथिगृहात अडकलाय. टेकडीचा पायथा उभा कापून खाली पाहुण्यांसाठी इमारत काढताहेत, ऑक्टोबरपासून ते दगड फोडायचं यंत्र दिवसभर डोकं उठवतंय. परवा मला म्हणाले, "मॅडम, डिश राहो न राहो, पाहुणे येतच राहणार." डिश नसेल तर पाहुणे काय बघायला येणार, मला की त्यांना?

मागचं दार दुसऱ्यांदा तासून झालं.


१६ मार्च

मौनीने होकार दिला. उत्तर आलं, 'ठीक.' माझ्या तीन परिच्छेदांच्या मेलला. मला तो माणूस आवडायला लागलाय.

काल तिघांनी मोजलं. निरोपांच्या खिडकीत पहिल्यांदाच तीन वेळा 'तयार' उमटलं. खोटं कशाला बोलू, जरा चुकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ती खिडकी आपल्या दोघांचीच होती.

सोबत डिस्क आहेत. बारकाईने बघ, आणि माफीनामा तयार ठेव. त्यात 'गैरसमज' हा शब्द चालणार नाही, 'चूक' असं लिहायचं, आणि 'माझी' हा शब्द त्याच्या आधी आला पाहिजे.

इकडे आईंनी सुताराला दारात उभं करून झापलं. आता दार लावायला खांदा लावावा लागतो. तो बिचारा म्हणतो, "आजी, मी किती तासू, दार संपेल." शेजारच्या इलेक्ट्रिशियनच्या स्वयंपाकघरात फरशा उचलल्या गेल्यात. मागच्या रांगेतल्या सगळ्याच घरांची रड आहे. कंत्राटदाराने सिमेंटच्या नावाखाली काय कालवलं होतं देव जाणे. मी व्यवस्थापकांकडे तक्रार दिली. ते म्हणाले, अतिथिगृह झालं की दुरुस्तीचं बघू. आधी पाहुणे, मग आम्ही.


३ एप्रिल

निकाल बघितला. फोन करायची हिंमत झाली नाही तुझी, आकडे पाठवलेस आणि खाली एकच शब्द, 'पाहावे.' मौनीची संगत लागलेली दिसते.

तुझं आणि मौनीचं अंतर जसंच्या तसं. माझं तुझ्यापासून वाढलंय, मौनीपासूनही वाढलंय, आणि फेब्रुवारीपेक्षा आता जास्त वेगाने वाढतंय. सरकले मी. तुझ्या बेअरिंगबद्दल जे जे बोलले ते परत घेते.

थांब. हसू नकोस, आणि हे शेवटपर्यंत वाच. हे पेटीतून नाही, तुझ्या घरच्या मेलवर पाठवते आहे, कारण पेटी पोचेपर्यंत थांबायची सोय नाही.

ते आकडे बघून मी भर दुपारी घरी गेले. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. मागच्या दारातून आत शिरले आणि रागाने दार आपटलं. ते आपटलंच नाही. चौकटीला अडून परत माझ्याच अंगावर आलं. माणसाला धड दारही आपटता येऊ नये याचा इतका संताप आला की मी त्या दाराकडे नीट बघितलं, महिन्यांत पहिल्यांदा. तीन वेळा रंधा मारून वरचा कोपरा पार उतरता झालाय. दार असं तिरकं झालंय, आणि तरी चौकटीत बसत नाही. म्हणजे चौकट त्याच्याहून तिरकी झाली आहे, आणि होतेच आहे.

मी सर्वेक्षकाचा ओळंबा आणून चौकटीला लावला. दोरी एका अंगाला गेली. इलेक्ट्रिशियनच्या घरात लावला, तिथे त्याहून जास्त. मग मी तिथेच, त्याच्या उचकटलेल्या फरशीवर बसले, कारण मला ते चार खांब आठवले.

ते चारही खांब याच टेकडीवर आहेत. तुला लिहून दिलं होतं ना मी, केसाइतकाही फरक नाही म्हणून? कसा असेल? डिश सरकली, खांब सरकले, सर्वेक्षक आणि मीही सरकलो, सगळे एकाच सतरंजीवर बसलेले. सतरंजीच कुणी ओढली तर तिच्यावर बसलेल्यांची आपसातली अंतरं बदलत नाहीत. बदल दिसतो तो कडेला, आणि मागची रांग कडेला आहे.

सर्वेक्षकाला घेऊन वर गेले. डिशच्या मागे, झुडपांच्या वर, टेकडीला भेग पडलीय. गवताने झाकली होती. हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. ती सरळ नाही, कमानीसारखी वळत डिशच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरते. आणि तिच्या बरोबर खाली, पायथ्याशी, अतिथिगृहासाठी उभी कापलेली कडा आहे. टेकडीचा टेकूच काढून घेतलाय त्यांनी.

कळलं का तुला? दोष कुठल्याच डिशमध्ये नव्हता. टेकडी चालायला लागली आहे, आणि माझी डिश नोव्हेंबरपासून दर शनिवारी तेच सांगत होती. तू ते ऐकून गाळून टाकलंस. मी ओरडत राहिले की मी हललेच नाही. दोन शहाणी माणसं दोष कुणाच्या यंत्रात म्हणून एकमेकांच्या उरावर बसली होती, आणि यंत्र बरोबर आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लगेच व्यवस्थापकांकडे गेले. म्हटलं, काम थांबवा आणि मागची रांग आज रिकामी करा. त्यांनी कपाटातून तुझा अहवाल काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, तुमच्याच मिस्टरांच्या सहीने आलंय. यंत्रात दोष. दोष असलेल्या यंत्राच्या भरवशावर मी लोकांची घरं रिकामी करू? उद्या मला कोण विचारेल?" भेग दाखवली. म्हणाले, ऊन लागलं की जमीन तडकते. भूगर्भवाल्यांना बोलवा म्हटलं, तर म्हणे, "त्यांना दाखवायला मापं लागतील, आणि मापं तर तुमच्याच केंद्राने गाळली आहेत." त्यांचा माज मला समजतो, पण या वेळी त्यांच्या हातातला कागद तुझा होता.

मग तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "समितीसमोर ठेवू. घाईने अहवाल मागे घेतला तर केंद्राच्या विश्वासार्हतेवर परिणाम होतो."

तुझ्या आईचं अंथरूण त्या मागच्या रांगेत आहे. विश्वासार्हतेचं तू मला सांगू नकोस. आज अहवाल मागे घे. आज.


५ एप्रिल

दोन दिवस तू फोन उचलत नाहीस. बैठकीत आहेस, असं तुझी सेक्रेटरी सांगते. ठीक आहे. तर बैठकीत वाच.

इलेक्ट्रिशियनने माझ्या शब्दावर बायकामुलांना गेटजवळच्या भांडारात हलवलं. ती जागा खडकावर आहे. बाकीचे कचरताहेत. त्यांची चूक नाही. व्यवस्थापकांच्या हुकुमाशिवाय क्वार्टर सोडलं तर परत मिळेल की नाही, याची त्यांना धास्ती आहे. काल मी आईंची गादी गुंडाळायला घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा पसरली.

"मी नाही येत," म्हणाल्या.

"आई, टेकडी सरकतेय."

"असं तू म्हणतेस. माझ्या मुलाने सही करून लिहून दिलंय की टेकडीला काही झालेलं नाही, तुझं यंत्र बिघडलंय. तो सगळ्या जगाला अंतरं सांगतो. आईने मुलाचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं?"

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे, मला माहीत आहे."

"तुझ्यावर आहेच. प्रश्न त्याचा आहे. तू मध्ये बोलू नकोस." मग खाट ओढत त्यांनी मागच्या दाराशी नेली, भेगेच्या सगळ्यांत जवळ. मला हात लावू दिला नाही. धाप लागली होती, तरी नाही. वर बसून पदर सावरला आणि म्हणाल्या, "त्याला लिही. म्हणावं, तुझी आई तुझ्या आकड्यांवर झोपली आहे."

मी रडले. तुला हे कळावं म्हणून लिहिते. त्यांच्यासमोर नाही, मोरीत जाऊन. मग खुर्ची घेतली आणि त्यांच्या खाटेशेजारी ठेवली. त्या उठेपर्यंत मीही इथून उठणार नाही. ही धमकी नाही. त्यांना एकटं सोडून मला जाता येत नाही, एवढंच. ते फक्त तुला जमतं.

दार आता उघडच असतं. ते लागतच नाही.


२२ एप्रिल

स.न.वि.वि.

ह्यातलं या वेळी काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते तुझं तू ठरव.

माझ्या त्या मेलच्या दुसऱ्या दिवशी अहवाल मागे घेणारं तुझं पत्र व्यवस्थापकांना आलं, तेव्हा त्यांनी ते मूग गिळून मला मेलवरून पुढे पाठवलं असतं. आईंनी तसं होऊ दिलं नाही. त्यांना निरोप धाडला, की मला वाचून दाखवा, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता. ते आले आणि आमच्या दारात उभं राहून, मागच्या रांगेतले सगळे जमलेले असताना, त्यांनी वाचलं: 'स्टेशनची मापं बरोबर होती. ती गाळायचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. टेकडी सरकते आहे. घरं ताबडतोब रिकामी करावीत आणि पायथ्याचं काम थांबवावं.' आई म्हणाल्या, "परत एकदा. मोठ्याने." त्यांनी परत वाचलं.

मग आई उठल्या, खाटेखाली हात घातला आणि बॅग बाहेर काढली. भरलेली होती. मला वाटतं, पहिल्याच दिवसापासून. "चल," म्हणाल्या, "वेंधळ्यासारखी बघतेस काय?" त्यांना तुझी खात्री होती. मला नव्हती, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पुढचं तू बातम्यांत पाहिलंच आहेस. तीन दिवस अवकाळी पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी दुपारी टेकडी खाली आली. मी गेटपाशी उभी होते. आवाज फार मोठा नव्हता, खडी ओतल्यासारखा झाला आणि बराच वेळ होत राहिला. मागची रांग गेली. आपलं स्वयंपाकघर, माळ्यावरचं तुझं सामान, पलंगाखालची पुस्तकं, सगळं. अतिथिगृहाचा खड्डा भरून गेला. डिश वाकडी होऊन अडकली आहे, ती आता कशाकडेच तोंड करू शकत नाही. माणूस एकही गेला नाही. इलेक्ट्रिशियनची धाकटी विचारत होती, आमचं घर कुठे सरकलं? तिला काय सांगणार.

आणि माझा संताप अजून गेलेला नाही, कारण लोक तो जाऊ देत नाहीत. वर्तमानपत्रात आमच्या व्यवस्थापकांचा फोटो आला, 'वेळीच दाखवलेल्या सतर्कतेबद्दल'. समितीने बैठकीचीही वाट न बघता तुझं अभिनंदन केलं, 'अहवालाचं धाडसी पुनर्परीक्षण'. आणि रिसीव्हरचा तो सुटा भाग काल मंजूर होऊन आला. नवाकोरा, वेष्टनात. रिसीव्हर मातीखाली आहे. तो भाग मी व्यवस्थापकांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवून आले.

आता तुझ्या परवाच्या फोनचं. 'येऊ का' असं विचारलंस. उत्तर इथे लिहून देते. तू गेल्यावर पहिली दोन वर्षं मी तुझी वाट बघितली, मग सोडून दिली. तुला वाटत असेल, मी हट्टाने इथे बसून राहिले. हट्ट होताच. पण त्यात तूही होतास, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तरी आता येऊ नकोस. रागाने म्हणत नाही, किंवा निव्वळ रागाने म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात ट्रेलरवरची छोटी डिश येते आहे, ती गेटजवळच्या खडकावर लावणार. उरलेली टेकडी अजून थांबलेली नाही, आणि तिच्या खाली गाव आहे. ती कुठे चाललीय हे सांगायला खडकावर पक्कं ठाऊक असलेलं एक ठिकाण हवं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचं म्हणजे दुसऱ्या टोकाला जागचा न हलणारा कुणीतरी हवा. मौनी आहे, पण तो एकटा पुरत नाही. तुझ्या हाताखालच्या पोरांवर माझा भरवसा नाही. इतकी वर्षं एका टोकाला मी बसून राहिले म्हणून तुला काही मोजता आलं. आता तू बस.

मोजून झालं की मग ये. आईंना तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "येईल तेव्हा त्याला सांग, दार नीट बसवून दे म्हणावं, सुताराच्या भरवशावर राहू नको." आम्हाला नवीन क्वार्टर मिळालंय. दार छान लागतं, मी तपासलं. त्यांना तुझ्यासाठी काहीतरी काम काढून ठेवायचंय, दुसरं काही नाही.

नोव्हेंबरपासून गाळलेली सगळी मापं परत घाल. एकही सोडायचं नाही.

शनिवारी नेहमीची वेळ. उशीर करू नकोस.